पराजयाचा वांटा

बलाढ्य मल्लानें नवशिक्यांच्या आखाड्यांत उतरावें आणि उतरतांना आपलें नांव व कीर्ति बाहेर ठेवून यावें, हा प्रकार इंटरनेटवरील खेळांत नित्याचा झाला आहे. १९९० नंतरच्या दशकांत ‘वॉरक्राफ्ट २’ या संगणकीय खेळांतील दोघां पटाईत खेळाडूंशीं सामना देण्यास कोणी धजेना. तेव्हां त्यांनीं एका बेल्जियन चित्रकथेंतील निळ्या बुटक्यांचीं, म्हणजे स्मर्फांचीं, नांवें धारण केलीं. तेव्हांपासून परक्या नांवानें दुबळ्यांत मिसळणाऱ्या जाणत्या खेळाडूस ‘स्मर्फ’ म्हणूं लागले. यांत पाप तें कोणतें, आणि त्यास आळा कसा घालावा, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं.

वेषांतर हेंच पाप म्हणावें, तर विराटाच्या नगरींत भीमही बल्लव या नांवानें वावरत होता. परंतु तो आखाड्यांत उतरला तो जीमूताशीं, म्हणजे ज्याच्यापुढें इतर मल्ल उभे राहण्यास कचरत होते त्याच्याशीं, लढण्यासाठीं. त्यानें नांव लपविलें. दुबळा प्रतिस्पर्धी शोधला नाहीं. स्मर्फ नांव लपवितो तें दुबळा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणूनच.

यांत कोणाचें काय जातें, हें कळण्यास गुणांकनाची पद्धति पाहिली पाहिजे. अमेरिकेंतील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आर्पाड एलो यांनीं बुद्धिबळासाठीं बसविलेली पद्धति १९७० मध्यें जागतिक बुद्धिबळ संघटनेनें स्वीकारली. आज अनेक ऑनलाइन खेळांत तिच्याच वळणाच्या गणितानें जोडी लावतात. या गणिताप्रमाणें ४०० गुणांचा फरक असला, तर दहा डावांतील सुमारें नऊ बलवानाकडे जातात. गुण समान असले, तर संधीही समान. अर्थात् जोड योग्य लागत गेली, तर निष्णात असो वा नवशिका, प्रत्येकास सुमारें निम्मे डाव हरावेच लागतात. न्याय्य खेळांत शिरणाऱ्यानें द्यावयाचा हा करच होय.

स्मर्फ हा कर चुकवितो. पण त्यानें टाळलेला पराजय नाहींसा होत नाहीं. जो तो सोसण्यास सर्वांत असमर्थ, त्या नवशिक्याच्या माथीं तो बसतो. शिवाय आपल्या तोडीच्या माणसानें आपणांस लोळविलें असें समजून तो बिचारा आपल्याच बुद्धीविषयीं साशंक होतो. पराजयापासून माणूस शिकतो खरा, परंतु तो पराजय खरा असेल तर.

‘हा तर खेळ, एवढें काय त्याचें?’ असें कोणी म्हणेल. दुबळ्यावर सहज मात करण्याचें सुख मलाही ठाऊक आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याशीं वाद घालतांना तें कोणत्या प्राध्यापकानें अनुभविलें नसेल? पण समोर कोण उभा आहे, हें त्या विद्यार्थ्यास दिसत असतें. तेवढ्या माहितीनेंच त्याचा स्वाभिमान वांचतो. जाणत्या खेळाडूस कच्च्या मित्राबरोबर खेळावेंसें वाटलें किंवा नवे डावपेंच करून पाहावेसे वाटले, तर त्यांत कांहीं गैर नाहीं. त्यासाठीं गुण न मोजणारा उघड खेळ असावा.

राहतां राहिला उपायांचा प्रश्न. ‘डोटा २’ या खेळाच्या चालकांनीं गुण मोजणाऱ्या सामन्यांसाठीं २०१७ मध्यें फोन नंबर आवश्यक केला. तरीही सप्टेंबर २०२३ मध्यें त्यांस स्मर्फांचीं ९०,००० खातीं बंद करावीं लागलीं, आणि मूळ खात्यासही यापुढें शिक्षा होऊं शकेल असें बजावावें लागलें. यांतील दुसरा मार्ग मला अधिक योग्य वाटतो. फोनची अट धूर्तास अडवीत नाहीं. तो दुसरा नंबर मिळवितो. ज्या घरांत भावंडांत मिळून एकच फोन आहे, तेथील मूल मात्र दाराबाहेर राहतें. उलट नांव लपलें तरी हात लपत नाहीं. चार डावांत ज्याचें कसब उघडें पडतें, त्यास त्वरित बरोबरीच्या पंक्तींत नेऊन बसवावें, आणि पुनःपुन्हां खालीं उतरणाऱ्याचें खरें नांव या अपराधास जबाबदार धरावें.

पुष्कळांस हा उपाय सौम्य वाटेल. परंतु ज्यास नुसतें जिंकावयाचें आहे, त्यास बरोबरीच्यांत बसून आपल्या वांट्याचे पराजय मुकाट्यानें घ्यावे लागणें, याहून कडक शिक्षा मला तरी सुचत नाहीं.