दुर्मीळ रक्ताची अमानत



मागच्या महिन्यात घाटकोपरचा एक तरुण इशाच्या नमाजनंतर माझ्यापाशी थांबला. त्याच्या रक्तगटाला आपल्या शहराचे जुने नाव मिळाले आहे: बॉम्बे रक्तगट. एकदा रक्तदान केल्यावर तपासणीत हे उघड झाले आणि तेव्हापासून त्याला अधूनमधून फोन येतात. या वेळी फोन आला तेव्हा त्याने नकार दिला. दिवसाची मजुरी बुडणार होती, आणि रक्त देण्याचे नाव काढले की त्याच्या अम्मीचा जीव धास्तावतो. त्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे त्याला कळले नाही. त्याने मला विचारले, "मौलाना, रक्त तर माझे आहे. दिले तर नेकी, हे मी जाणतो. पण नाही दिले तर गुनाह आहे का?"

त्या रात्री मी त्याला अर्धेच उत्तर देऊ शकलो. उरलेले येथे लिहीत आहे, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

हे रक्त दुर्मीळ का, ते आधी समजून घेऊ. रक्तातील तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या बारीक साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला असलेल्या गॅलॅक्टोज या साखरेला फ्युकोज नावाची दुसरी साखर जोडली गेली, की 'एच' नावाची खूण तयार होते. ज्याच्या पेशींवर केवळ ही खूण असते, त्याचा गट 'ओ'. या 'एच'वर एन-असिटिल-गॅलॅक्टोसामाइन ही साखर चढली की 'ए' गट होतो. तिच्याऐवजी आणखी एक गॅलॅक्टोज चढले की 'बी'. आणि काही साखळ्यांवर एक व काहींवर दुसरी असेल तर 'एबी'. ज्या रक्तगटावर माणसाचे जगणे-मरणे अवलंबून राहते, तो अखेर एका साखरेचा फरक आहे.

फ्युकोज जोडण्याचे काम पेशीतील एक विकर, म्हणजे एन्झाइम, करते. हे विकर ३६५ अमिनो आम्लांच्या साखळीचे बनलेले आहे. भारतातील बॉम्बे गटाच्या नेहमीच्या प्रकारात या साखळीच्या २४२व्या जागी ल्युसिनऐवजी अर्जिनिन येते आणि विकर निकामी होते. मग 'एच'चा पायाच घातला जात नाही. आईबापांकडून 'ए' किंवा 'बी' वारशाने आले असले तरी त्यांना चढायला जागा उरत नाही. असा माणूस पूर्ण निरोगी असतो. केवळ 'ए' आणि 'बी'ची चाचणी केली तर त्याचे रक्त 'ओ' भासते. परंतु त्याच्या रक्तद्रवात 'ए' व 'बी'बरोबरच 'एच'विरुद्धही प्रतिपिंडे असतात. त्यामुळे सर्वांना चालणारे म्हणून ओळखले जाणारे 'ओ' रक्तही त्याला चढवले, तर त्या पेशी त्याच्या शरीरात फुटू लागतात आणि प्राणावर बेतते. १९५२ साली मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या रक्ताची पहिली नोंद प्रसिद्ध केली. भारतात सुमारे दहा हजारांत एक माणूस या गटाचा असावा, असा अंदाज सांगितला जातो.

आता एक गोष्ट लक्षपूर्वक पाहा. हा गुण आई व वडील या दोघांकडून आला तरच प्रकट होतो. बहुतेक वेळा आईवडिलांपैकी प्रत्येकाजवळ त्या विकराची एक चांगली प्रत असते, म्हणून त्यांच्या स्वतःच्या पेशींवर 'एच' असते. परिणामी, जिने नऊ महिने पोटात वाढवले आणि दूध पाजले, ती आईही अशा लेकराला रक्त देऊ शकत नाही. सख्ख्या भावाबहिणीचे जुळण्याची शक्यता चारात एक. तेही जुळले नाही, तर त्या लेकराचा जीव एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती असतो, ज्याची जात, भाषा व धर्म कोणताही असू शकतो.

सर्वांचे रक्त सारखेच लाल, हे वाक्य आपण व्यासपीठांवरून नेहमी ऐकतो. मीही ते खुतब्यात वापरले आहे. हेतू चांगला असला तरी वाक्य अपुरे आहे. रक्तात भेद आहेत आणि ते विसरणे जिवावर बेतू शकते. मात्र हे भेद आपण आखलेल्या कुळांच्या आणि जमातींच्या रेषांवर थांबत नाहीत. सूरह अल-हुजुरातच्या १३व्या आयतीत अल्लाह तआलाने माणसांतील भेदांचा हेतू परस्परांची ओळख हा सांगितला आहे, आणि प्रतिष्ठेचे माप तकवा हे ठेवले आहे. कुरआन रसायनशास्त्र शिकवायला उतरलेला नाही, आणि या आयतीत रक्तगट शोधणे मला योग्य वाटत नाही. पण खानदानी रक्ताचा अभिमान मिरवणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की गरजेच्या रात्री त्याच्या रक्ताला जुळणारे रक्त कदाचित शेजारच्या गल्लीतील अशा घरात असेल, जेथे त्याने कधी पाऊल टाकले नाही.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. वाहते रक्त नापाक आहे आणि त्याचे सेवन हराम आहे, हे आपण जाणतो. परंतु सूरह अल-बकराच्या १७३व्या आयतीत निषेधाबरोबरच लाचार माणसासाठी सवलतही आहे. याच आयतीच्या विवेचनात मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांनी रक्त चढवण्याची तुलना आईच्या दुधाशी केली: तेही शरीराचाच अंश आहे, ते काढण्यासाठी काही कापावे लागत नाही, आणि दुसऱ्याच्या जगण्यासाठी ते दिले जाते. म्हणून गरजेपुरती परवानगी आहे. मात्र दुधाने जसे महरम नाते जुळते, तसे रक्ताने जुळत नाही. पती-पत्नी एकमेकांना रक्त देऊ शकतात; निकाहाला बाधा येत नाही. रक्त दिल्यावर हनफी मताप्रमाणे वुजू पुन्हा करावा लागतो, शाफई मताप्रमाणे नाही. आणि रक्त दिल्याने रोजा दोन्ही मतांनुसार मोडत नाही. रक्ताची किंमत घेण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केल्याची हदीस बुखारीत आहे. काही विद्वान तिचा संबंध हिजामाच्या मजुरीशी जोडतात, तरी रक्ताचा बाजार मांडू नये हा बोध स्पष्ट आहे. आपल्या देशातही १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्याला बंदी आहे.

ज्या वस्तूची विक्री करता येत नाही, जी आपण निर्माण केली नाही आणि जी वाया घालवण्याचाही आपल्याला अधिकार नाही, ती वस्तू 'माझी' कोणत्या अर्थाने? ती अमानत आहे. २४२व्या जागी काय यावे, हे त्या तरुणाने ठरवले नव्हते. मालकाला केव्हा द्यायचे व केव्हा नाही याची मोकळीक असते. अमानतदाराला मात्र, मागणी खरी आहे का आणि वेळ आली आहे का, हे पाहावे लागते.

फिकहमध्ये फर्ज-ए-किफाया नावाची तरतूद आहे. बुडणाऱ्याला वाचवणे हे काठावरील सर्वांचे कर्तव्य असते. एकाने उडी घेतली की इतर मोकळे होतात. परंतु पोहता येणारा एकच असेल, तर ते कर्तव्य त्या एकट्यावर येऊन ठेपते. 'ओ' गटाच्या माणसाने एखादे वेळी नाही म्हटले, तर दुसरा मिळतो. बॉम्बे गटाच्या माणसाबाबत तशी खात्री देता येत नाही. म्हणून माझी समजूत अशी आहे: गरज खरी असेल, दुसरा कोणी उपलब्ध नसेल आणि देण्याने स्वतःला अपाय होणार नसेल, तर केवळ गैरसोयीसाठी नकार देणाऱ्याला अल्लाहपुढे जाब द्यावा लागेल. तथापि हा हिशेब त्याचा आणि त्याच्या रबचा आहे. कोणी त्याच्यावर जबरदस्ती करू नये, त्याला लज्जित करू नये. वयाची १८ ते ६५ वर्षे, हिमोग्लोबिन किमान १२.५, पुरुषांसाठी तीन व स्त्रियांसाठी चार महिन्यांचे अंतर, या मर्यादा वैद्यकशास्त्राने घातल्या आहेत. त्यांत न बसणारा निर्दोष आहे.

येथेच आपली, म्हणजे जमातीची, जबाबदारी सुरू होते. बुडणाऱ्यासाठी एकाने उडी घेतली आणि काठावरच्यांनी दोरही धरला नाही, तर ते मोकळे झाले असे मी म्हणणार नाही. त्या तरुणाच्या मालकाशी बोलून सुट्टी मिळवून देणे, त्याच्यासोबत रक्तपेढीपर्यंत जाणे, त्याच्या अम्मीला समजावणे की सुमारे पाच लिटरमधून ३५० मिलिलिटर घेतले जाते आणि शरीर ते भरून काढते, ही कामे आपली आहेत. मदतीचे संदेश पडताळल्याशिवाय पुढे पाठवू नयेत. जुन्या संदेशांमुळेच अशा दात्यांचे फोन रात्री-अपरात्री वाजत राहतात. आणि घरात कोणी बॉम्बे गटाचा निघाला, तर त्याच्या भावंडांची तपासणी अवश्य करा.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. या गटाच्या पेशींवर 'ए', 'बी', 'एच' काहीच नसल्याने त्या इतर गटांच्या माणसालाही चालू शकतात. म्हणजे असा माणूस देऊ सर्वांना शकतो. घेऊ मात्र आपल्यासारख्याकडूनच शकतो. म्हणून त्याने उत्साहाने दर शिबिरात रक्त देण्यापेक्षा रक्तपेढीकडे नाव नोंदवून हाकेची वाट पाहणे अधिक योग्य. साध्या शीतसाठ्यात तांबड्या पेशी जेमतेम पाच-सहा आठवडे टिकतात. अमानत योग्य वेळी योग्य हाती पोहोचवणे, हाही अमानतदारीचाच भाग आहे.

त्या तरुणाला मी एवढेच म्हणालो होतो, "मागचे तौबा करून अल्लाहवर सोपव. पुढच्या वेळी फोन आला, तर आधी मला कळव. आपण दोघे जाऊ." त्याच्या अम्मीला मी जुम्याच्या दिवशी भेटलो. त्यांनी सर्व शांतपणे ऐकले आणि एकच विचारले, "माझ्या लेकराला लागले तर कोण देईल?" सूरह अल-माइदाची ३२वी आयत एक जीव वाचवण्याला सकल मानवजातीला वाचवण्याच्या तोलाचे मानते, हे मी त्यांना सांगितले. पण त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर आयत ऐकवून पुरे होत नाही. ते उत्तर कुठेतरी फोन उचलणारा दुसरा माणूस देईल, आणि तो 'हो' म्हणेल की नाही, हे त्याच्या सोबत कोण उभे आहे यावरही ठरेल.

अल्लाह तआला आपणा सर्वांना आपापली अमानत ओळखण्याची आणि वेळेवर पोहोचवण्याची तौफीक देवो. आमीन.