दाखल्यावरचे गाव

४ जून २०२४. लोकसभेची मतमोजणी चालू होती आणि जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीत चहाच्या टपरीपासून कृषी सेवा केंद्रापर्यंत सगळ्यांचे कान जालन्याच्या आकड्यांकडे होते. संध्याकाळी अचानक नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला. तो १४ तारखेला अपेक्षित होता, त्यामुळे कुणाचीच तयारी नव्हती. मी कामासाठी एका महा-ई-सेवा केंद्रात बसलो होतो. जांब समर्थकडच्या एका खेड्यातली मुलगी वडिलांबरोबर मोटारसायकलवरून आली. हातात प्लास्टिकची फाइल, त्यात कागद क्रमाने लावलेले. संगणकावर आकडा आला : ७२० पैकी ५६१. वडिलांनी केंद्र चालवणाऱ्या पोराला विचारले, "भाऊ, यात बसतंय का डॉक्टरकीला?" त्याने मोबाइलवर आदल्या वर्षीची कट-ऑफची यादी उघडली, बराच वेळ खालीवर केली आणि म्हणाला, "मागच्या साली काठावर तरी होतं, काका. औंदा लई वर जाईल म्हणतेत."

ते खरे ठरले. त्या वर्षी गुण असे फुगले की पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण होते. वाढीव गुण काढून सुधारित निकाल लावल्यावरही ते १७ उरले. पुढच्या वर्षी, २०२५ला, पेपर कठीण निघाला आणि देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण पडले. त्या वर्षी ५६१ला राज्यातले चांगले सरकारी महाविद्यालय मिळाले असते. मुलगी तीच आणि तिला येणारे जीवशास्त्रही तेच. नीटचा गुण अभ्यास मोजतो, पण त्याहून जास्त तो त्या वर्षीची रांग मोजतो. रांग लावायला तो ठीक आहे. मला अडचण वाटते ती आपण त्या रांगेलाच गुणवत्ता म्हणू लागलो याची.

नीटवर टीका करताना आधी तिचे ऋण मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालये उघडली आणि वैद्यकीय जागेला भाव फुटला. देणगी रोखण्यासाठी १९८७ साली कायदा करावा लागला, तरी देणगी पुरती थांबली नाही. बारावीच्या गुणांवर प्रवेश होते तेव्हा प्रात्यक्षिकाच्या गुणांसाठी काय काय चाले, हे त्या पिढीतल्या पालकांना विचारा. चेहरा न पाहणारी, आडनाव न विचारणारी परीक्षा ही वशिला नसलेल्या घराला मिळालेली मोठी सोय होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली रद्द ठरवलेली नीट २०१६ला परत आली, तेव्हा तिच्यामागे हीच भावना होती. त्यामुळे निवडीत मुलाखत आणावी, सेवाभाव तपासावा, असे कुणी सुचवले की मी घाबरतो. आपल्याकडे तोंडी परीक्षेत सेवाभावाच्या आधी शिफारसपत्र पोचते.

पण परीक्षेला चेहरा नसला तरी तिच्या तयारीला पत्ता असतो. घनसावंगीच्या पोराने अकरावीला लातूर गाठायचे, हे आता न सांगता ठरलेले असते. राजर्षी शाहू महाविद्यालयापासून नावारूपाला आलेला लातूर पॅटर्न हा मराठवाड्याचा खरा पराक्रम आहे. कोरडवाहू घरांतली हजारो मुले त्याने डॉक्टर केली. आज मात्र त्या पराक्रमाचा खर्च दोन वर्षांची खोली, खानावळ, क्लास, टेस्ट सिरीज आणि बहुतेकदा एक ड्रॉप असा आहे. मोसंबीची बाग लागली तर एका पोराचे होते, दुसऱ्याचे होत नाही. पोरीचे त्याहून नंतर. आणि जे लातूरला जाऊ शकत नाहीत ते नीट मराठीतूनही देऊ शकतात, पण अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीतून शिकल्यावर मराठी प्रश्नपत्रिका त्यांना परकीच वाटते.

मराठवाड्याने प्रवेशातल्या अन्यायावर एक मोठी लढाई जिंकली, ती सप्टेंबर २०२०मध्ये. तोवर राज्याच्या कोट्यातल्या जागांना ७०:३०चे सूत्र होते. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग, प्रत्येकातल्या ७० टक्के जागा तिथल्याच मुलांना आणि ३० टक्के सगळ्यांना खुल्या. कागदावर हे प्रादेशिक न्यायाचे सूत्र होते. पण मराठवाड्यात सरकारी महाविद्यालये औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर अशी चारच, आणि नीटला बसणारी मुले उदंड. परिणाम असा की मराठवाड्यातल्या मुलाला पुण्या-मुंबईकडच्या मुलापेक्षा जास्त गुण असूनही प्रवेश नाकारला जाई. तत्कालीन वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी ते सूत्र रद्द केले. राज्य एक, यादी एक. इथल्या पालकांनी तेव्हा वाटलेले पेढे मी खाल्ले आहेत, आणि तो निर्णय योग्यच होता असे मला आजही वाटते.

तरी त्या आनंदात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. त्या सूत्रात मराठवाड्याचा मुलगा कोण, हे बारावी कुठून दिली त्यावर ठरे. सूत्र जाऊन एकच यादी आली, पण दोन्ही वेळा विचार जागा कुणाला मिळावी एवढाच होता. शिकून बाहेर पडलेला डॉक्टर कुणाच्या वाट्याला येणार, हा हिशोब आधीही नव्हता आणि नंतरही आला नाही. तालुक्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओसरीवर सकाळी साडेनऊला बसून पाहावे. ऊसतोड टोळीतली बाई तापलेले लेकरू मांडीवर घेऊन बसलेली, शेजारी बीपीच्या गोळ्या संपलेला म्हातारा, आणि डॉक्टरांच्या खोलीत बहुतेक वेळा बीएएमएस झालेला एकटा वैद्यकीय अधिकारी. त्याच्यावर मी एक शब्द वावगा बोलणार नाही, कारण तो निदान आहे. एमबीबीएस झालेले सक्तीच्या सेवेच्या बाँडचे एक वर्ष काढतात किंवा १० लाख भरून मोकळे होतात, आणि त्यातले बरेच जण तिथेही पीजी-नीटची पुस्तके उघडून असतात. त्यांना तरी दोष काय द्यायचा? ज्या यादीने त्यांना निवडले तिने त्यांना कधी गाव विचारले नव्हते.

२०२०मध्ये एक दुर्मीळ योग होता. वैद्यकीय शिक्षण खाते लातूरच्या अमित देशमुखांकडे होते आणि सार्वजनिक आरोग्य खाते घनसावंगीचे आमदार राजेश टोपे यांच्याकडे. दोन्ही मराठवाड्याचे. आपल्या व्यवस्थेतली एक गाठ तेव्हा सुटू शकली असती. डॉक्टर निवडते आणि घडवते एक खाते, आणि रिकाम्या पदांवर डॉक्टर शोधत फिरते दुसरे. निवडणाऱ्या खात्याला रिकाम्या खुर्चीचा चटका बसत नाही, आणि ज्याला चटका बसतो त्याला निवडीच्या निकषांत तोंड उघडता येत नाही. कोरोनाच्या धावपळीत हे होणे अवघड होते हे मान्य. पण नंतरही ते झाले नाही.

२०२०च्या त्याच सप्टेंबरात, आपल्याकडे ७०:३० गेले तेव्हा, तमिळनाडूच्या विधानसभेने एक विधेयक मंजूर केले. सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्या आणि नीट पात्र झालेल्या मुलांसाठी ७.५ टक्के जागा. नीट रद्द केली नाही. तिची पात्रता उंबरठा म्हणून ठेवली आणि उंबरठा ओलांडल्यावर, तू कुठे शिकलास, हे विचारले. पहिल्याच वर्षी ३००च्या वर मुले एमबीबीएसला लागली. आदल्या वर्षी सरकारी शाळांतली अशी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ साली तो कायदा वैध ठरवला.

यावर नेहमीचा आक्षेप असतो की कमी गुणांचा डॉक्टर रुग्णाच्या जिवावर बेतेल. आक्षेप गंभीर आहे, म्हणून त्याचे उत्तरही तेवढ्याच गांभीर्याने देतो. डॉक्टर पास होतो तो नीटवर नव्हे, विद्यापीठाच्या परीक्षांवर, आणि त्या सगळ्यांना सारख्याच असतात. दुसरे असे की गुणांची चिंता आपण निवडून करतो. २०२३ साली पदव्युत्तर जागा रिकाम्या राहू लागल्या तेव्हा पीजी-नीटची पात्रता थेट शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. खासगी महाविद्यालयांतल्या संस्थात्मक आणि एनआरआय कोट्यात पैशाच्या बळावर गुण किती खाली जातात, हे प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत कुणीही पाहू शकते. तेव्हा रुग्णाच्या जिवाची आठवण कुणी काढत नाही. ती निघते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोराचे नाव आल्यावर. याचा मला मनापासून राग येतो.

गावात वाढलेले मूल गावाकडे परतण्याची शक्यता जास्त असते, हे काही भाबडे म्हणणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१०मध्ये ग्रामीण भागात डॉक्टर टिकवण्याबाबत शिफारशी केल्या, त्यात ग्रामीण पार्श्वभूमीच्या मुलांना प्रवेशात प्राधान्य द्या, ही शिफारस अगदी वर आहे. जपानने १९७२ साली जिची वैद्यकीय विद्यापीठ काढले. तिथे प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुले निवडतात, शिक्षणाचा खर्च प्रांत उचलतो आणि मुलाने साधारण नऊ वर्षे आपल्याच प्रांतात, त्यातही दुर्गम भागात काम करायचे असते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जेफरसन महाविद्यालयाने १९७४पासून खेड्यांत वाढलेली मुले मुद्दाम निवडली, आणि त्यांच्यातले खेड्यात राहणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त निघाले.

आणि आपल्या घरचे उदाहरण सेवाग्रामचे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्राबरोबर गांधीविचारांचा एक पेपर असे. प्रवेश मिळाल्यावर पहिले पंधरा दिवस आश्रमात, खादी, मग एका गावाशी नाते, आणि तिथेच पुढे पीजी करायचे तर आधी दोन वर्षे ग्रामीण सेवा. गांधीविचारांचा पेपर घोकूनही देता येत असेल, पण आपण कुठे चाललो आहोत, हे मुलाला फॉर्म भरतानाच कळत होते. नीट आली आणि तो पेपर गेला. तो गेल्याची फारशी कुठे चर्चाही झाली नाही.

तमिळनाडूची नक्कल मात्र इथे जशीच्या तशी चालणार नाही. आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक गावांत सातवी-आठवीपर्यंत, पुढचे हायस्कूल एखाद्या संस्थेचे, अनुदानित. 'सरकारी शाळा' हा निकष लावला तर निम्मी गरजू मुले बाहेर पडतील. म्हणून निकष पहिली ते दहावी तालुक्यातल्या गावात, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकल्याचा हवा. कुणी म्हणेल, लोक खोटे दाखले आणतील. डमी प्रवेशांनी पोखरलेल्या अकरावी-बारावीबद्दल ही भीती खरी आहे, आणि बारावीच्या पत्त्यावर प्रदेश ठरवण्याची चूक आपण एकदा करून चुकलो. पण शालेय शिक्षण खात्याच्या सरल प्रणालीत २०१५पासून मुलाची शाळा वर्षागणिक नोंदलेली आहे. दहा वर्षांचा पट एका रात्रीत खोटा करता येत नाही. या निकषाला मुलाखत लागत नाही, शिफारस लागत नाही. चेहरा न पाहण्याचा नीटचा गुण त्यात शाबूत राहतो. जागेबरोबर जिल्ह्यातच पाच वर्षांची सेवा असावी, आणि ती पैसे भरून सुटणारी नसावी. त्या बदल्यात पीजीला त्यांच्यासाठी जागा राखाव्यात, कारण गावात राहणे म्हणजे शिक्षण संपणे, असा अर्थ झाला तर कुणीच राहणार नाही.

सेवा केंद्रातली ती फाइल मला अजून दिसते. दहावी, बारावी, अधिवास, जात, पडताळणी, नॉन-क्रीमिलेअर, सगळे कागद होते. सगळ्यात खाली जिल्हा परिषद शाळेचा दाखला होता. कडा मऊ पडलेल्या, मुख्याध्यापकांच्या सहीवर निळा गोल शिक्का. केंद्रातल्या पोराने कागद तपासून तो बाजूला काढला, "हा लागत नाही." मुलीने तो परत फाइलीत ठेवला.

जालन्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२४मध्ये सुरू झाले, १०० जागांचे. अखिल भारतीय कोट्याच्या १५ वगळल्या तर ८५ राहतात. त्यांच्या साडेसात टक्के म्हणजे सहा. जिल्ह्यात तालुके आठ आहेत, म्हणजे वर्षाला प्रत्येक तालुक्याला एक डॉक्टरही पुरता येणार नाही. मी एवढ्याच सहा जागा मागतो आहे, आणि त्यांच्यासाठी फॉर्ममध्ये तो दाखला मागणारा एक रकाना.