पाइंटभर बिअर आणि बसायची जागा

ब्रिटनमध्ये सुपरमार्केटातून डबे आणले तर पाइंटभर, म्हणजे ५६८ मिलिलिटर बिअर साधारण दीड पौंडात पडते. कोपऱ्यावरच्या पबमध्ये तेवढ्याच बिअरला पाचच्या आसपास पौंड मोजावे लागतात, लंडनमध्ये त्याहूनही जास्त. ही तफावत बघून पबवाला लुटतो म्हणणारे पुष्कळ आहेत. ‘अहो, जागेचे पैसे देता तुम्ही’ असे सांगून विषय मिटवणारेही आहेत. त्यांचे उत्तर खरे आहे, पण अर्धेच. जागेचे म्हणून घेतलेले पैसे कुणाच्या खिशात जातात आणि दुकानातली बिअर एवढी स्वस्त कशी राहते, हे त्यातून कळत नाही.

आधी पबच्या तळघरात उतरू. तिथली पारंपरिक ‘कास्क’ बिअर पिंपात आल्यावरही मुरत असते. पिंप आडवे ठेवायचे, वरच्या बुचात लाकडी खुंटी ठोकून आतला वायू हळूहळू सोडायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि तळघर ११ ते १३ अंशांवर राखायचे. पिंपाला नळ लागला, बिअर काढायला सुरुवात झाली, की तीन-चार दिवसांत ते संपले पाहिजे. नाही संपले तर बिअर आंबूस होते आणि उरलेली ओतून द्यावी लागते. शिवाय आठवड्याला नळ्या रसायनाने धुवायच्या असतात. त्या वेळी नळीत असेल तेवढी बिअर मोरीत जाते. ७२ पाइंटांचे पिंप विकत घेतले म्हणून ७२ पाइंटांचे पैसे गल्ल्यात येत नाहीत. वर मंगळवारच्या दुपारी चारच गिऱ्हाइके असली तरी दिवे, हीटर आणि बारमागचा माणूस लागतोच. डब्याला यातले काही लागत नाही. तो महिनोन्‌महिने फळीवर थांबतो आणि गिऱ्हाईक त्याला स्वतः उचलून आणते.

जागेच्या पैशांचा हा मुद्दा आपल्याकडे न्यायालयातही गाजला आहे. बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकणे हा हॉटेलांचा गुन्हा आहे का, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ‘नाही’ असा निकाल दिला. हॉटेलात माणूस नुसती बाटली विकत घेत नाही. टेबल, वाढप आणि वातावरणही घेतो, असा त्यामागचा विचार होता. मला तो पटतो. मात्र बसायला दिलेली जागा ही विकत घेतलेल्या मालापेक्षा वेगळी गोष्ट आहे, हे एकदा मान्य केले की तिच्यावर कर कसा बसतो तेही तपासायला हवे.

ब्रिटनचे सरकार पबना नळाच्या बिअरवर सवलत देते आणि तिचा गाजावाजाही करते. फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरांनी ४ टक्के मद्यार्काच्या पाइंटवर अबकारी कर सुमारे ४३ पेनी पडत होता. डब्यातल्या तेवढ्याच बिअरवर सुमारे ४९. म्हणजे सवलत सहासात पेनींची. आता २० टक्के व्हॅट बघा. तो विक्रीच्या पूर्ण किमतीवर असतो. पाच पौंडांच्या पाइंटमधून ८३ पेनी सरकारकडे जातात, दीड पौंडाच्या बिअरमधून २५. वरच्या ५८ पेनी कशावरच्या आहेत? बारमागच्या माणसाच्या पगारावरच्या, विजेवरच्या, भाड्यावरच्या. एका हाताने सात पेनी द्यायच्या आणि दुसऱ्या हाताने त्याच्या आठपट काढून घ्यायच्या, हे धोरण मला अन्यायाचे वाटते. खाण्याच्या बाबतीतही तेच. सुपरमार्केटातल्या बहुतेक खाद्यपदार्थांवर व्हॅट शून्य आहे, पबमध्ये वाढलेल्या जेवणावर २० टक्के. त्या फरकाच्या बळावर सुपरमार्केटला बिअरमध्ये नफा सोडणे परवडते. गिऱ्हाईक बिअरच्या भावाला भुलून आत येते आणि ट्रॉली भरून बाहेर पडते. इंग्लंड-वेल्समध्ये २०१४ पासून तोट्यातल्या विक्रीवर बंदी आहे, पण तिचा अर्थ एवढाच की अबकारी आणि तिच्यावरचा व्हॅट यांच्या बेरजेखाली किंमत जाता कामा नये. बिअर तयार करायला काय खर्च आला, तो या हिशेबात धरलेलाच नाही.

पबच्या किमतीतला सगळाच भाग मात्र सोज्वळ नाही. १९८९ साली ब्रिटनमधले पुष्कळसे पब सहा बड्या मद्यकंपन्यांभोवती बांधलेले होते. त्यांची पकड मोडायला सरकारने ‘बिअर ऑर्डर्स’ काढल्या. ज्या कंपनीकडे २,००० पेक्षा जास्त पब होते, तिला वरच्यांपैकी निम्मे मोकळे करायला लावले. हेतू चांगला होता. घडले असे, की पब हजारोंनी विकले गेले आणि ते ज्यांनी घेतले त्या नव्या कंपन्या बिअर बनवतच नव्हत्या. त्यांनी डोंगराएवढे कर्ज काढून इमारती घेतल्या आणि चालवणाऱ्यांवर तीच जुनी अट ठेवली: भाडे द्या, शिवाय बिअर आमच्याकडूनच घ्या, आम्ही सांगू त्या भावाने. हा भाव खुल्या बाजारापेक्षा चढा असतो. गिऱ्हाइकाला वाटते आपण शेकोटीजवळच्या खुर्चीचे पैसे देतो आहोत. प्रत्यक्षात त्यांतला एक वाटा कधीही न पाहिलेल्या मालकाच्या व्याजात जातो. २०१६ मध्ये मोठ्या मालक कंपन्यांसाठी आचारसंहिता आली आणि ठरावीक प्रसंगी नुसते बाजारभावाचे भाडे भरून मोकळे होण्याचा हक्क पब चालवणाऱ्याला मिळाला. तो २५ वर्षे उशिरा मिळाला. २००० साली साठ हजारांच्या घरात असलेले पब आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरले आहेत.

दारूच्या दुकानांची काळजी कशाला, असे मराठी वाचक विचारील, आणि त्या विचारण्याला आधार आहे. गुत्त्याने धुळीला मिळवलेली घरे आपण पाहिली आहेत. गावोगावच्या बायकांनी मतपेटीतून बाटली आडवी केली ती उगाच नव्हे. पण पब बंद झाले म्हणून पिणे बंद होत नाही, ते घरात जाते. पबमध्ये झिंगलेल्या माणसाला दारू देणे कायद्याने गुन्हा आहे आणि नाही म्हणायला समोर एक माणूस असतो. घरातल्या सोफ्यावर सातवा डबा फोडणाऱ्याला कोण अडवणार? त्याच्या बायकोने? आपल्याकडे परमिट रूममध्ये बसून पिणाऱ्याला वेगळा व्हॅट आहे. तो ५ टक्क्यांवरून १० वर गेला, आणि करवाढीच्या निषेधात जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या बारमालकांनी एक दिवस बार बंद ठेवले. वाइन शॉपमधून बाटली नेणाऱ्याला हा जादा कर नाही. मोकळ्या प्लॉटवर, नदीकाठी, उभ्या गाड्यांमध्ये संध्याकाळी काय चालते हे शहराबाहेर फेरफटका मारणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. जिथे दिवा आहे, संडास आहे, चार डोळे आहेत, नेमक्या त्याच जागेला महाराष्ट्राचे धोरण महाग करते.

अशा जागेची किंमत कुणी ओळखली असेल तर ती तिथून हाकललेल्यांनी. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये भारतीय कामगारांना काही पबच्या आतल्या बैठकीत बसू देत नसत. भट्टीवर खपणाऱ्या माणसाला पाइंट मिळायचा, खुर्ची नाही. फेब्रुवारी १९६५ मध्ये इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या लोकांनी अमेरिकेतला कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स याला ब्लू गेट्स या पबमध्ये नेले, आणि तिथल्या बैठकीत त्यालाही काही द्यायला नकार मिळाला. त्याच वर्षी सार्वजनिक ठिकाणच्या वर्णभेदाविरुद्धचा पहिला ब्रिटिश कायदा झाला. बाटली घेऊन घरी पिता येत असताना ही माणसे भांडली, कारण भांडण बिअरसाठी नव्हतेच. पुढे त्याच भागातले डबघाईला आलेले पब पंजाबी कुटुंबांनी चालवायला घेतले. तिथे आज तंदुरी मिक्स ग्रिलच्या तव्याभोवती गोरे, काळे, शीख शेजारी-शेजारी बसतात.

लंडनच्या नन्हेड भागातला ‘आयव्ही हाउस’ २०१२ मध्ये विकला जाऊन तिथे फ्लॅट होणार होते. रहिवाशांनी २०११ च्या कायद्याखाली त्याची सामुदायिक ठेवा म्हणून नोंद करून घेतली, २०१३ मध्ये तो स्वतः विकत घेतला आणि शेअर काढले. तिथे मालक कंपनी नाही, चढ्या भावाने बिअर घेण्याची सक्ती नाही. तरी बिअर सुपरमार्केटच्या भावात मिळत नाही, कारण पगार, वीज आणि त्या दोन्हींवर बसणारा व्हॅट तिथेही भरावा लागतो. सक्ती रहिवाशांनी काढून टाकली. व्हॅट संसदेच्या हातात आहे, आणि तो पबसाठी निम्म्यावर आणायला हवा.