वाजंत्र्यांचे पान

मुंबई आपल्या मोहन्याहून फार दूर नाही. तेथील ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन अ‍ॅबे हा कृष्णवर्णी अमेरिकन वादक आपला जाझ बँड घेऊन आला व त्याच्या तालावर जोडपी नाचली. त्याच्याच देशात, न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबात, १९२७ पासून ड्यूक एलिंग्टनचा बँड वाजे. परंतु त्याच्या वर्णाच्या लोकांस तेथे गिऱ्हाईक म्हणून बसण्याची मनाई असे. सूर हवा, सूर देणारा नको! आम्ही त्यांस दोष द्यावा काय? ज्याच्या सनईवाचून आपली वरात हालत नाही, त्यास पंगतीच्या वेळी आपण कोठे बसवितो? याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचा, आणि पुढील लग्नात वाजंत्र्यांचे पान आपल्या पानाशेजारीच मांडा.