प्रेक्षकांच्या नावाने काढलेले फर्मान

विल्यम हेन्स या नटाचे नाव हॉलिवूडच्या इतिहासाचे अभ्यासक सोडल्यास आज फारसे कोणाच्या स्मरणात असण्याचा संभव नाही. परंतु १९३० च्या सुमारास मेट्रो-गोल्डविन-मेयर या बलाढ्य चित्रसंस्थेच्या तिजोरीत ज्या मोजक्या नटांच्या नावावर सर्वाधिक गल्ला जमा होत असे, त्यांत त्याची गणना होत होती. मूकपट जाऊन बोलपट आला तेव्हा भल्याभल्यांची आसने डळमळली, पण हेन्स तरला. १९३३ साली मात्र संस्थेचा सर्वाधिकारी लुई मेयर याने त्याच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या : जिमी शील्ड्स या ज्या पुरुषाबरोबर तो कित्येक वर्षे संसार थाटून राहत होता त्याला दूर करून एखाद्या स्त्रीशी देखाव्यापुरता विवाह करावा, नाहीतर चित्रसृष्टीस रामराम ठोकावा. हेन्सने शील्ड्सला निवडले. पुढे तो गृहसजावटीच्या धंद्यात शिरला आणि जोन क्रॉफर्डपासून रेगन दांपत्यापर्यंत अनेक नामांकित मंडळी त्याची गिऱ्हाइके झाली. १९७३ च्या डिसेंबरात तो वारला, तेव्हा त्या दोघांच्या सहवासाला जवळजवळ अर्धशतक होत आले होते. पुढच्याच वर्षी शील्ड्सने आपल्या हाताने आपले आयुष्य संपविले.

या हकीकतीतील करुण भाग क्षणभर बाजूला ठेवला, तर एक साधा प्रश्न उरतो, आणि तो असा की हेन्सविरुद्ध फिर्यादी कोण होता. त्या सुमारास त्याच्या चित्रपटांचा गल्ला थोडाफार उतरला होता हे खरे. पण तो कोणाबरोबर राहतो या कारणासाठी प्रेक्षकांनी त्याच्याकडे पाठ फिरविली होती, असे म्हणण्यास काडीचा आधार नाही, कारण प्रेक्षकांना ती गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती. फिर्यादी, न्यायाधीश आणि बजावणीचा अंमलदार या तिन्ही भूमिका मेयर यानेच वठविल्या, आणि शिक्षेचे फर्मान मात्र प्रेक्षकांच्या नावाने निघाले. समलिंगी नटाने आपली ओळख उघड केल्यास त्याच्या कारकिर्दीला असलेल्या धोक्याविषयी आज जगभर जे बोलले जाते, त्याचे मूळ मला या मुखत्यारीत दिसते. लोकांनी कधीही लिहून न दिलेले मुखत्यारपत्र खिशात बाळगून निर्माते, वितरक, जाहिरातदार आणि अडते लोकांच्या वतीने निकाल देत आले आहेत.

या मुखत्यारीला कागदोपत्री रूप येऊनही आता शतक उलटले. १९२१ साली रॉस्को आर्बकल या विनोदी नटावर एका तरुणीच्या मृत्यूचा आळ आला, वृत्तपत्रांनी काहूर माजविले, आणि त्याच वर्षी युनिव्हर्सल कंपनीने आपल्या करारनाम्यांत नटाच्या वर्तनाने लोकांचा रोष ओढवल्यास पगार बंद करण्याचा अधिकार कंपनीकडे राखून ठेवणारे कलम घातले. इतर संस्थांनीही मग तीच वहिवाट पाडली. आर्बकल पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. कलम मात्र राहिले. त्या कलमातील खुबी अशी की रोष झाला किंवा नाही हे ठरविण्याचे काम ज्याच्या हाती होते, त्याच्याच हाती नटाची भाकरी होती. नटाला आपली अब्रू कंपनीकडे गहाण ठेवावी लागे, आणि गहाणखताची मुदत कधी संपत नसे.

या गहाणवटीचा सर्वांत विलक्षण नमुना म्हणून रॉक हडसनकडे बोट दाखविता येईल. त्याचा अडत्या हेन्री विल्सन हा अशा मामल्यांत वाकबगार होता. १९५५ साली ‘कॉन्फिडेन्शियल’ नावाचे एक कुटाळ मासिक हडसनचे खासगी जीवन चव्हाट्यावर मांडण्याच्या बेतात आहे अशी कुणकुण लागताच, आपल्याच हाताखालच्या इतर नटांची गुपिते त्या मासिकाच्या स्वाधीन करून विल्सनने हडसनला वाचविले, असे सांगितले जाते. त्याच वर्षाच्या अखेरीस विल्सनच्या कचेरीतील फिलिस गेट्स या चिटणीस तरुणीशी हडसनचे लग्न लागले, आणि १९५८ साली ते मोडले. पुढच्या वर्षी ‘पिलो टॉक’ हा चित्रपट आला. त्यात हडसनची भूमिका एका रंगेल तरुणाची आहे. नायिकेला फसविण्यासाठी हा तरुण दुसऱ्याच एका पुरुषाचे सोंग घेतो, आणि त्या सोंगातल्या पुरुषाला स्त्रियांत रस नसावा असा संशय खुबीने पेरतो. म्हणजे, ज्याला पडद्याबाहेर आपले समलिंगित्व जन्मभर लपवावे लागले, तो पडद्यावर अशा एका पुरुषाची भूमिका करीत होता, की जो समलिंगी असल्याची हूल देतो. अभिनयाच्या इतिहासात इतके पदर असलेले दुसरे सोंग मला ठाऊक नाही, आणि ते पाहून पोट धरून हसणाऱ्या प्रेक्षकांना त्यातले दोनच पदर दिसत होते. १९८५ च्या जुलैत हडसनला एड्स झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा कुठे उरलेला पदर उलगडला. आणि २ ऑक्टोबरला तो गेला. सत्य सांगण्याची मुभा त्याला मिळाली ती कारकीर्दच उरली नाही तेव्हा.

आता त्याच काळातील दुसरी दोन उदाहरणे पाहावीत, कारण सर्व दोष लोकांच्या माथी मारणाऱ्यांना ती सहसा आठवत नाहीत. विल्सनने ज्यांची गुपिते विकली असे म्हणतात, त्यांत टॅब हंटर हा देखणा तरुण नट होता. १९५० साली पुरुषांच्या एका मेजवानीवर पडलेल्या धाडीत तो सापडला होता, ही बातमी ‘कॉन्फिडेन्शियल’ने १९५५ च्या सप्टेंबरात छापली. कारकीर्द संपावयाची तर ती तेव्हाच संपावयास हवी होती. परंतु १९५७ साली त्याने गायिलेल्या एका गीताची तबकडी अमेरिकेत खपात पहिल्या क्रमांकावर गेली.

दुसरे उदाहरण लंडनचे आहे. इंग्लंडात त्या वेळी पुरुषांमधील समलिंगी संबंध हा फौजदारी गुन्हा होता, आणि १९६७ पर्यंत तो तसाच राहिला. शेक्सपिअरच्या नाटकांतील भूमिकांसाठी ज्याचे नाव आदराने घेतले जाई त्या जॉन गिलगुडला १९५३ च्या जूनमध्ये राणीच्या राज्याभिषेकानिमित्त ‘सर’ हा किताब मिळाला, आणि ऑक्टोबरात लंडनमधील एका सार्वजनिक शौचालयात पोलिसांनी त्याला पकडले. न्यायालयात त्याने आपला व्यवसाय कारकुनीचा असल्याचे सांगितले. परंतु वृत्तपत्रांच्या बातमीदारांना तो स्वर ओळखीचा होता. दहा पौंड दंड झाला आणि त्याच दिवशी बातमी फुटली. नव्या नाटकाचे प्रयोग तोंडावर आले होते. लिव्हरपूल येथे रंगमंचावर प्रवेश करण्याची वेळ आली तेव्हा गिलगुडचे पाय विंगेतच खिळले. ज्येष्ठ अभिनेत्री सिबिल थॉर्नडाइक त्याचा हात धरून त्याला प्रकाशात घेऊन आली, आणि ज्या प्रेक्षकांच्या रोषाचा एवढा धसका घेतला होता त्यांनी टाळ्यांच्या कडकडाटात त्याचे स्वागत केले. गिलगुड मनाने खचला, पुढे आजारीही पडला, आणि त्या प्रकरणाविषयी जाहीरपणे बोलणे त्याने आयुष्यभर टाळले. पण त्याचे अन्न प्रेक्षकांनी तोडले नाही.

माझे म्हणणे फार भाबडे आहे, प्रेक्षक म्हणजे कोणी संतमंडळी नव्हे, असा आक्षेप येथे येईल, आणि तो रास्त आहे. एलन डीजेनेरेस हिने १९९७ च्या एप्रिलमध्ये आपल्या दूरदर्शन मालिकेतून आपली आणि आपल्या पात्राची ओळख एकदमच उघड केली. तो भाग चार कोटींहून अधिक लोकांनी पाहिला, पण पुढच्या वर्षी प्रेक्षकसंख्या घसरून मालिका बंद पडली, आणि एलनचे यशस्वी पुनरागमन होण्यास २००३ उजाडावे लागले. तरीही या प्रकरणातील एक तपशील मला बोलका वाटतो. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथील केंद्राने तो भाग दाखविण्याचे नाकारले, तेव्हा त्याच शहरातील लोकांनी सभागृह घेऊन, उपग्रहाची जोडणी करून तो एकत्र बसून पाहिला. केंद्राचे अधिकारी अर्थातच लोकभावनेची कदर करीत होते!

नुकसान प्रत्यक्ष होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. अडचण ही की त्याची नोंद कुठल्याच दप्तरात सापडत नाही. नट काढून टाकला असता तर निदान तक्रार करता आली असती. न आलेल्या बोलावण्याविषयी कोणाकडे दाद मागावयाची? रूपर्ट एव्हरेट या इंग्रज नटाने आपली ओळख लपविली नव्हती. १९९७ साली ‘माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग’मध्ये नायिकेच्या समलिंगी मित्राची भूमिका करून त्याने वाहवा मिळविली, आणि नंतर पाहतो तर त्याच साच्यातील भूमिका पुढे येत होत्या, नायकाच्या नव्हत्या. २००९ साली त्याने तरुण नटांना गप्प राहण्याचा सल्ला दिला तेव्हा अनेकांनी त्याला भ्याड ठरविले. मला तो भ्याडपणा वाटत नाही. ज्याने किंमत मोजली आहे त्याने पावती दाखविली, इतकेच. याउलट इयन मॅकेलन याने १९८८ च्या जानेवारीत बीबीसीच्या एका चर्चेत आपण समलिंगी असल्याचे सांगितले, आणि त्यानंतर त्याचा उत्कर्षच झाला. पण मॅकेलन तेव्हा ४८ वर्षांचा, रंगभूमीवर स्थिरावलेला थोर नट होता. त्याच्या नावावर कोणी तरुणींची स्वप्ने विकीत नव्हते. धोक्याचे खरे क्षेत्र येथे दिसते : चरित्रनटाकडून बाजार अभिनय विकत घेतो, नायकाकडून त्याच्या उपलब्धतेचा आभास. म्हणून पंचविशीतील नायकाला जे महाग पडते ते पन्नाशीतील नटसम्राटाला परवडते.

आणि या व्यवहारातील खरी विसंगती अशी की उलट दिशेच्या प्रवासाला धोका मानलाच जात नाही. विल्यम हर्ट, टॉम हँक्स, फिलिप सेमूर हॉफमन, शॉन पेन या साऱ्यांना समलिंगी पुरुषांच्या भूमिकांबद्दल सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले आणि त्यांच्या धाडसाचे कौतुक झाले. त्यांचे कौतुक योग्यच होते. पण मग समलिंगी नट पडद्यावर स्त्रीवर प्रेम करू लागला की ते ‘पटत नाही’, हा आक्षेप कोणत्या नाट्यशास्त्रातून आला? नील पॅट्रिक हॅरिस याने २००६ साली आपली ओळख जाहीर केली आणि त्यानंतर सात वर्षांहून अधिक काळ तो एका लोकप्रिय मालिकेत स्त्रीलंपट तरुणाची भूमिका करीत राहिला. प्रेक्षकांना ती न पटल्याचे ऐकिवात नाही.

निदान मराठी माणसाने तरी हा आक्षेप तोंडावाटे काढू नये. पुरुषाने स्त्रीची आणि स्त्रीने पुरुषाची भूमिका करण्याची सोय भरताने मान्य केली, तो फार जुना हवाला झाला; पण १९१९ साली ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले तेव्हा बालगंधर्वांच्या सिंधूसाठी ज्यांनी अश्रू ढाळले, त्या आपल्या आजेपणजांना त्या लुगड्यात नारायणराव राजहंस नावाचा गृहस्थ आहे हे काय ठाऊक नव्हते? त्यांना ते पुरते ठाऊक होते, आणि त्यामुळे सिंधूचे दुःख तसूभरही कमी झाले नाही. अर्थात आपल्या पदरी दुसराही वारसा आहे, तो लपविण्यात प्रामाणिकपणा नाही : आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधील गुणा तमाशात नाच्या होतो आणि गाव त्या भूमिकेलाच माणूस समजून त्याची विटंबना करते. १९८१ साली तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये स्त्रीवर प्रेम करणारी तरुणी रोहिणी हट्टंगडी यांनी साकारली, त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते; आणि १९९८ च्या डिसेंबरात मुंबईत दोन स्त्रियांच्या प्रेमाची कथा सांगणारा ‘फायर’ हा चित्रपट दाखविणाऱ्या चित्रपटगृहांची मोडतोड झाली, सेन्सॉरचा दाखला असतानाही. ज्यांनी काचा फोडल्या तेही प्रेक्षकांच्याच नावाने बोलत होते, आणि तिकीट काढून आत बसलेले प्रेक्षक पळत होते.

कायद्याची सबब आता उरलेली नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या संबंधांपुरती भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ ची धार काढून घेतली. २०२५ च्या जानेवारीत रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला, दोन पुरुषांच्या प्रेमाची गावाकडची कथा सांगून, सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातील सर्वोच्च परीक्षक-पुरस्कार मिळाला. तरीही हिंदी किंवा मराठी चित्रपटाच्या पहिल्या रांगेतील एकाही नायकाने, मी हे लिहीपर्यंत, आपण समलिंगी असल्याचे जाहीर केलेले नाही. कोणी करावे अशी सक्तीही असू नये. कोण कसा असेल याचे तर्क लढविणे हा तर शुद्ध हलकटपणा आहे. परंतु ज्याला बोलावयाचे आहे त्याला गप्प बसविताना यापुढे प्रेक्षकांचे नाव पुढे करू नये, एवढी विनंती चित्रपटाच्या धंद्यातील मंडळींना करणे भाग आहे. प्रेक्षकांचे मत खरोखरच जाणून घ्यावयाचे असेल, तर अशा नटाला नायक करावे, त्याचे नाव जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापावे, आणि तिकिटाची खिडकी उघडावी.