आधी बेरीज की आधी गुणाकार?

मोशीत पुणे-नाशिक महामार्गाजवळ एक लहान वर्कशॉप होते. चाकणच्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग तिथे बनत. स्टोअर एक ताई सांभाळत. त्यांच्या मदतीला नवा मुलगा लागला. कामसू होता आणि एक्सेलमध्ये त्याचा हातखंडा होता.

दर महिन्याला किती रुपयांचा माल वापरला गेला, हे मालकांना हवे असे. पिव्होट टेबलात नग होते, दर होता, किंमत नव्हती. मुलाने मॅक्रो लिहिला. बटण दाबताच बाराही महिन्यांच्या पिव्होटांना नवे कॅल्क्युलेटेड फील्ड जोडले गेले : किंमत = नग × दर. त्याच आकड्यांवरून मालक ग्राहकाला भाव कळवणार होते.

ताईंनी एकूण रक्कम पाहिली. "अरे, आपल्या स्टोअरमधून एवढा माल जातच नाही. दोनच ओळी घेऊन बघ."

मुलाने घेतल्या. बोल्ट १०० नग, दर ५ रुपये, किंमत ५००. बेअरिंग १० नग, दर २०० रुपये, किंमत २,०००. दोन्ही ओळी बरोबर. बेरीज अडीच हजार हवी, पण एकूणच्या ओळीत होते २२,५५०!

"ताई, कोडमध्ये तर चूक नाही."

"मग हा आकडा आला कुठून, ते शोध."

शोधल्यावर उलगडले. पिव्होटने आधी नगांची बेरीज केली, ११०. मग दरांची, २०५. आणि त्या दोन बेरजांचा गुणाकार केला. कॅल्क्युलेटेड फील्डची रीतच ती : आधी बेरीज, मग सूत्र.

मुलगा खट्टू झाला. "हे फील्डच काढून टाकतो."

"थांब. रिजेक्शनचा तक्ता उघड. दिवसपाळीत १,००० नगांत १० रिजेक्ट, म्हणजे १ टक्का. रात्रपाळीत १०० नगांत १०, म्हणजे १० टक्के. तू दोन्ही टक्क्यांची सरासरी काढून साडेपाच लिहिलेस. पण १,१०० नगांत २० रिजेक्ट म्हणजे किती?"

"दोन टक्केसुद्धा नाहीत!" मुलगा म्हणाला. "इथे आधी बेरीज करून मगच भागाकार हवा. म्हणजे ते फील्ड इथे लावायला हवे होते."

त्याने किमतीचा रकाना मूळ नोंदींत आणला. प्रत्येक ओळीत नग आणि दर यांचा गुणाकार झाला, पिव्होटकडे फक्त बेरीज उरली. रिजेक्शनच्या टक्केवारीसाठी मात्र मॅक्रोने कॅल्क्युलेटेड फील्ड जोडले. दोन्ही तक्ते हाताने पडताळले आणि मगच मालकांकडे पाठवले.

तात्पर्य : यंत्र सांगितले तेवढेच करते, आणि चूक सांगितली तर तीही बारा ठिकाणी करते. म्हणून हिशेबात आधी काय आणि नंतर काय, हे स्वतः समजून घ्यावे. मगच ते यंत्रावर सोपवावे.