सीमेचा दगड

शास्त्रपाठ : अनुवाद 27:11-26, स्तोत्र 104:5-9

इस्राएल लोक यार्देन उतरून गेल्यावर लेव्यांनी एकेक शाप मोठ्याने उच्चारावा आणि सर्व लोकांनी प्रत्येक शापाला आमेन म्हणावे, अशी आज्ञा होती. त्यांतील एक शाप शेजाऱ्याच्या जमिनीची खूण सारणाऱ्यावर आहे. हे पाप उघडपणे होत नाही. कोणी पाहत नसता दगड वीतभर सरकतो, आणि नुकसान शेजाऱ्याचे होते.

प्रिय बंधुभगिनींनो, हे वचन आज शहरातील पाण्याच्या हद्दीला लावून पाहू या. देवाने जलांना मर्यादा नेमून दिली असे स्तोत्रकर्ता म्हणतो. तलाव भरला म्हणजे पाणी कोठवर येते, नाला किती रुंद वाहतो, नदी चढली की कोठे पसरते, हीच ती मर्यादा. ती खूण कोणी सारली?

हैदराबादचे उदाहरण तेथील आपल्या मंडळ्यांना परिचित आहे. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुशी नदीला महापूर आला. वरचे अनेक तलाव फुटले व हजारो माणसे मेली. दवाखान्याच्या आवारातील एका चिंचेवर चढलेले सुमारे दीडशे लोक वाचले. पुढील वर्षी निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. पुराचे पाणी शहराच्या वरच अडवावे असा सल्ला त्यांनी दिला. त्यातून 1920 मध्ये उस्मानसागर व 1927 मध्ये हिमायतसागर पुरे झाले. पाण्याला जागा दिली, तेव्हा माणसाला आसरा मिळाला.

पण शहरातील जुन्या तलावांची गोष्ट उलट झाली. हे तलाव साखळीने बांधलेले होते. एक भरला की त्याचे पाणी नाल्याने खालच्या तलावात जाई. मागील काही दशकांत तलावाच्या कोरड्या पोटात भराव पडला, प्लॉट पडले, नाले अरुंद झाले, त्यांत कचरा व प्लास्टिक साचले. मोकळ्या मातीवर सिमेंट आले, तेव्हा मुरणारे पाणीही रस्त्यावर धावू लागले. 13 ऑक्टोबर 2020 रोजी घटकेसर भागात एका दिवसात सुमारे 32 सेंटिमीटर पाऊस पडला. त्याच आठवड्यात बालापूरचा तलाव फुटून खालच्या वस्त्यांत पाणी शिरले.

अशा वेळी आपण म्हणतो, "देवाची करणी!" पाऊस देवाचा खरा; पण तलावात प्लॉट देवाने पाडले नाहीत. आपला दोष देवाच्या नावे लिहिणे हे त्याचे नाव व्यर्थ घेणेच होय.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भराव घालणारा उंचावर राहतो. बुडतो तो खालचा. तेथे सरकारने 2024 मध्ये तलावांतील बांधकामे पाडण्यासाठी वेगळी यंत्रणा नेमली. हद्द राखलीच पाहिजे. परंतु तलावाची जमीन विकून पैसा करणारा आणि दुसरीकडे थारा नाही म्हणून नाल्याकाठी झोपडी घालणारा, हे दोघे देवाच्या तराजूत सारखे नाहीत. झोपडी हलवायची तर आधी दुसरे छप्पर दिले पाहिजे, हे मंडळीने निर्भयपणे बोलावे.

मग आपण काय करावे? जमीन घेण्यापूर्वी जुना नकाशा पाहावा. ती तलावाची किंवा नाल्याची असेल, तर कितीही स्वस्त असो, घेऊ नये. घराचे व मंदिराचे सबंध आवार फरशीने झाकू नये. थोडी माती उघडी ठेवावी, छपराचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे. नाल्यात कचरा टाकू नये. पावसाळ्यापूर्वी नाले साफ व्हावेत म्हणून पंचांनी नगरपालिकेकडे अर्ज करावा व काम होईपर्यंत पाठपुरावा करावा.

जक्कयाने पश्चात्ताप केला तेव्हा तो नुसता हळहळला नाही. अन्यायाने घेतलेले चौपट परत देण्यास उभा राहिला. पाण्याचे घेतलेले पाण्याला परत देणे हाही पश्चात्तापच आहे. तो शाप आज आपल्या उपासनेत वाचला गेला, तर आमेन म्हणताना आपला आवाज अडखळेल काय? ज्याने त्याने आपल्या घराचा पाया तपासून उत्तर द्यावे. प्रभू आपल्याला खरेपणाने आमेन म्हणण्याची कृपा देवो.